पावणेचार फुटांना अर्धा इंच कमी

बारामतीजवळच्या कन्हेरीत सुतारमामांच्या पडवीत बारा बंदुका भिंतीला टेकून उभ्या होत्या. पाडलेल्या एका वाड्याच्या सागवानी तुळयांतून त्या निघाल्या होत्या. अकरांना पुरेल एवढंच सागवान निघालं, त्यामुळे बारावीचा दस्ता बाभळीचा. शाळेला २६ जानेवारीच्या चित्ररथासाठी त्या हव्या होत्या. आमच्याकडे फौजेतून पेन्शनीत आलेल्या कुणालाही गाव 'मेजर' म्हणतं. पडवीत आलेले हे 'मेजर' हवालदार म्हणून निवृत्त झालेले, १९६०च्या दशकात बेळगावच्या मराठा सेंटरला भरती झालेले. त्यांनी एक बंदूक उचलली, बट मांडीला लावला, तोंडाकडून मागे नजर टाकली आणि विचारलं,

"मामा, हिचं साल कुठलं?"

"साल काढलीय की समदी. वरनं रंधा मारलाय."

"तसलं न्हाई वो. सन, सन!"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, कारण नमुन्याचं चित्र मी दिलं होतं. मोबाइलवर सापडलेलं, बघायला झकास आणि बहुधा कुठल्यातरी परदेशी खेळण्याचं. शाळेने चित्ररथावर तीन देखावे ठरवले होते: १९४२चा वडूजचा मोर्चा, १९६२ची चीन सरहद्द आणि १९९९चं कारगिल. तिन्हींना ह्याच बारा बंदुका. म्हणजे माझ्या त्या एका चित्राच्या जोरावर आमची पोरं ५७ वर्षं लढणार होती.

जुन्या घाटाची लष्करी रायफल जुळवणं हा अमेरिकेत मोठा छंद आहे. तिथले शौकीन व्हिएतनाम युद्धातल्या एम-१६चा एकेक भाग हुडकत बसतात. पुढची पकड त्रिकोणी हवी की गोल, मॅगझिन वीस गोळ्यांचं की तिसांचं, नळीच्या तोंडाशी तीन उघड्या पाकळ्या हव्यात की बंद कडं. त्या पाकळ्या जंगलातल्या गवतावेलींत अडकायच्या म्हणून १९६६-६७च्या सुमारास बंद केल्या. तेव्हा १९६८च्या रायफलीला पाकळ्या लावणारा माणूस त्यांच्यात हसण्यावारी जातो. भाग निवडणं म्हणजे साल निवडणं, एवढं त्या छंदातून आपण घ्यावं. बाकीचं आपल्याला घेता येत नाही. आपल्या १९५९च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. .३०३ची रायफल सामान्य माणसाला परवान्यावरसुद्धा मिळत नाही. लष्करी काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी ती वाट बंद केली आणि नागरिकांसाठी .३१५चं वेगळं माप आलं, ते आजही चालू आहे. नकली बंदुकीची खरी करणं हाही वेगळा गुन्हा आहे. मामांनी "नळीच्या जागी लोखंडी पाइप बसवू का, वजन येईल" असं विचारलं तेव्हा मी त्यांच्या तोंडातून शब्द पुरा निघण्याआधी नको म्हटलं. तोंडापासून बटापर्यंत लाकूडच, आणि चित्ररथाच्या आधी पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज. बंदूक आणि ठाणं यांचं नातं कन्हेरीला नवं नाही. पवारांच्या निवडणूक प्रचाराचा नारळ इथल्या मारुतीपुढे फुटतो हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दिवसांत आचारसंहितेपायी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा होतात, हे ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांना ठाऊक असतं.

तर साल. १९४२ आणि १९६२ या दोन्ही देखाव्यांना एकच हत्यार चालतं, ही आमच्या नशिबाची गोष्ट. ते म्हणजे थ्री नॉट थ्री. नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, म्हणून हे नाव. कागदावरचं नाव ली-एनफील्ड. ली म्हणजे जेम्स पॅरिस ली, स्कॉटलंडात जन्मून कॅनडात वाढलेला कारागीर, ज्याने बोल्ट आणि त्याखालची डबी बसवली. एनफील्ड हा लंडनजवळचा सरकारी कारखाना. आधी पायदळाला लांब रायफल आणि घोडदळाला आखूड कार्बाइन, असे दोन प्रकार होते. बोअर युद्धानंतर दोघांना मिळून एकच मधल्या मापाची द्यायची ठरली. तीच 'शॉर्ट' ली-एनफील्ड, आणि १९०७ साली तिचा तिसरा नमुना, मार्क थ्री, आला. लांबी साडेचव्वेचाळीस इंच. मामांना मी मिलिमीटर सांगत होतो, ११३० वगैरे, मेजरांनी टेप हातात घेतला आणि म्हणाले, "पावणेचार फुटाला अर्धा इंच कमी धरा." त्यानंतर मामांनी माझा कागद परत पाहिला नाही.

या रायफलीची ओळख तिच्या नाकात आहे. बाकीच्या बहुतेक बंदुकांची नळी लाकडातून पुढे डोकावते. हिची डोकावत नाही. लाकूड थेट तोंडापर्यंत जातं आणि तिथे एक जाडजूड लोखंडी टोपी बसते, नोज कॅप. टोपीला दोन कान, कानांच्या मधे माशी, म्हणजे पुढचा नेम, सुरक्षित, खाली संगीन अडकवायचा खुंटा. समोरून पाहिलं तर बुलडॉगसारखं चपटं तोंड दिसतं. माझ्या चित्रात नळी चांगली दोन बोटं बाहेर होती. तशी नळी असते, पण ती पुढच्या नमुन्याची, नंबर फोरची. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या या रायफलीचा मागचा नेम बोल्टजवळ सरकलेला असतो आणि तिची पहिली संगीन नुसत्या टोच्यासारखी. महायुद्धाच्या काळात इंग्लंड, कॅनडा, अमेरिका अशा तीन देशांत ती बनली. भारतातल्या कारखान्याने मात्र जुन्या नाकाचीच बनवणं चालू ठेवलं. चित्ररथावर तोंड नंबर फोरचं आणि नेम मार्क थ्रीचा असं झालं की ती बंदूक कुठल्याच देशाची राहत नाही. मामांनी अकरा तोंडं दोन बोटं कापली. बारावी अजून कापायचीच होती.

दुसरी खूण उजवीकडचा बोल्ट. त्याचा मुठीसारखा दांडा खाली वाकलेला आणि खटक्याच्या अगदी जवळ असतो. माझ्या चित्रात तो सरळ आडवा होता, दाराच्या कडीसारखा. हा वाक शोभेचा नाही. बोल्ट साठ अंशच फिरवावा लागतो आणि तो पुढे ढकलताना घोडा चढतो, त्यामुळे शिकलेला शिपाई डोळा नेमावरून न हलवता हात चालवत राहतो. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश पायदळात तीनशे यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार ही अपेक्षा होती. डबीत दहा गोळ्या, पाच-पाचच्या दोन पट्ट्यांनी वरून भरायच्या. डबीचा तळ तिरका असतो. का, तर .३०३च्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. एकावर एक ठेवली की ती तिरकी रचली जातात. भाकरीच्या चळतीत एकेक कड जाड असावी, तसं.

हा तिरका तळ मी एवढा का सांगतो? कारण सरळ तळाची रायफलही आहे, आणि ती आपलीच. पश्चिम बंगालमध्ये हुगळीकाठी इछापूरला रायफल फॅक्टरी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती उभी राहिली आणि स्वातंत्र्यानंतरही .३०३ बनवत राहिली. १९६२च्या मारानंतर तिथे हीच जुनी रायफल नव्या ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसाला बसेल अशी केली, अधिक मजबूत पोलादात. ती टू-ए, आणि नेमाची पट्टी दोन हजारांवरून आठशेवर आणल्यावर टू-ए-वन. नव्या काडतुसाला बाहेरची कड नाही, म्हणून डबी चौकोनी, तळ सपाट, गोळ्या बारा. बाकी नाक, लाकूड, संगीन तेच. या रायफली आजही संग्रहालयांत आणि सिनेमांत .३०३ म्हणून खपतात. १९६२च्या देखाव्यात चौकोनी डबी लावणं म्हणजे युद्ध हरल्यावर आलेलं हत्यार युद्धात वापरणं. एकदा हे कळलं की माझं लक्ष कुठल्याही युद्धपटात आधी डबीकडे जातं, नायकाकडे नंतर.

१९४२च्या देखाव्याला आणखी एक बारीक पेच आहे. ९ सप्टेंबर १९४२ला वडूजच्या मामलेदार कचेरीवर गेलेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळीबार केला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण गेले. देखाव्यात पोलिसांच्या हातात काय द्यायचं? इंग्रज सरकार १८५७ नंतर हिंदी हातांत नेहमी एक पिढी जुनं किंवा एक पायरी कमी हत्यार देई. पोलीस आणि तुरुंगाच्या पहारेकऱ्यांसाठी इछापूरने .३०३सारखीच दिसणारी .४१०ची मस्कट काढली: आत नळी गुळगुळीत, एका वेळी एकच बार, आणि डबीची जागा लाकडी ठोकळ्याने भरलेली. दहा पावलांवरून पाहणाऱ्याला ती थ्री नॉट थ्रीच वाटते. दोन्हींच्या बाह्य रूपात फरक एवढा कमी की एक लाकडी नमुना दोघींचं काम करतो. मामांच्या अख्ख्या बंदुका तशाही ठोकळ्यांनी भरलेल्याच होत्या.

संगिनीचंही साल असतं. १९०७च्या संगिनीचं पातं सतरा इंच. लांब पल्ल्यासाठी, कारण रायफल आखूड झाली होती. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात ते बारा इंचांवर आणलं. पहिल्या महायुद्धातली पूना डिव्हिजन, जी कूत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ला शरण गेली, तिच्या शिपायाला लांब पातं शोभेल. १९४२ नंतरच्याला फूटभर. पोरांच्या हातात आम्ही एकही दिलं नाही. सातवीच्या पोरांना फूटभर टोकदार लाकूड आणि चालता ट्रॅक्टर हा मेळ मला मान्य नव्हता.

१९१६ हे सालही लक्षात ठेवायचं. युद्धाला रायफली पुरेनात म्हणून त्या वर्षी मार्क थ्रीमधून भाग गाळले गेले. बाजूचा लांब पल्ल्याचा सामुदायिक माऱ्याचा नेम गेला, डबी बंद ठेवणारी पट्टी गेली, बटाच्या उजव्या बाजूची पितळी चकती गेली. ती चकती म्हणजे रेजिमेंटचं नाव कोरायची जागा. उत्साहाच्या भरात ती चकती सगळ्यांवर चिकटवली की शिपाई १९१६च्या आधीचा ठरतो. माझ्या मूळ चित्रात ती होती, आणि शिवाय चकचकीत चांदीसारखी.

आता रंग आणि सांधे. खरी चूक इथे होते, कारण भागांची यादी सगळे करतात, खिळ्याकडे कोणी पाहत नाही. माझ्या सांगण्यावरून मामांनी दोन बंदुका आधीच पुऱ्या केल्या होत्या. पोलाद म्हणून चंदेरी रंग. मेजर म्हणाले, "ही लग्नाच्या वरातीत चालंल." फौजेतलं पोलाद चमकत नाही, ते काळपट निळं किंवा काळ्या रंगाने रंगवलेलं, आणि कडांवर हाताळून उडालेलं. काळ्या मॅट रंगावर कडांना पेन्सिलीचं शिसं घासलं की डोळा फसतो. दस्त्याला मी चकचकीत पॉलिश सांगितलं होतं, देव्हाऱ्याला करतात तसं. खऱ्या दस्त्याला जवसाचं तेल पाजतात, पुन्हा पुन्हा, तळहाताने चोळून. मेजरांना रिक्रूट असताना ते काम रविवारी असे.

पट्टा मी शाळेच्या दप्तराचा नायलॉनचा आणला होता. एनफील्डचा पट्टा विणलेल्या जाड सुती निवारीचा. सुती पट्टा कोपऱ्याला दुमडतो, नायलॉनचा सळसळतो. लाउडस्पीकर बंद असेल तर ऐकू येतं. आणि स्क्रू. मी प्लसवाले वापरायला दिले होते, पॅकेटात तेच होते. प्लसच्या खाचेचा स्क्रू १९३०च्या दशकात अमेरिकेत बाजारात आला. मार्क थ्रीच्या लाकडावर सगळीकडे एकाच आडव्या खाचेचे, मायनस. इछापूरच्या रायफलींवर तर पुढच्या लाकडातून एक जास्तीचा आडवा स्क्रू आरपार जातो, मागच्या नेमाच्या आसपास. लाकूड चिरू नये म्हणून तो घातलेला. जाणकार दुरून तो स्क्रू पाहून 'इंडियाची' म्हणतात. बाराही बंदुकांवर तो स्क्रू मारायचा निर्णय मी घेतला, आणि या सगळ्या कामात माझं म्हणून जे काही बरोबर आलं ते एवढंच. मामांनी बारामतीला जाऊन जुन्या हार्डवेअरच्या दुकानातून मायनसचे पितळी स्क्रू शोधले. दुकानदाराने वजनावर दिले. असले कोणी मागत नाही म्हणाला.

कारगिलचं काय? तिथे लाकूड चालत नाहीच. १९९९ला जवानांच्या हातात इन्सास होती, ५.५६ मिलिमीटरची, प्लास्टिकची अंगं, अर्धपारदर्शक मॅगझिन; थंडीत ती मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी झाल्या. १९७१च्या देखाव्याला एसएलआर लागली असती, वीस गोळ्यांची, लांब, सरळ. आम्ही तिसरा देखावा काढूनच टाकला. मुख्याध्यापक दोन दिवस नाराज होते, मग त्या जागी सावित्रीबाई आल्या.

खरं तर थ्री नॉट थ्रीला कारगिलनंतरही सुटी मिळाली नव्हती. २६ नोव्हेंबर २००८ला मुंबईत सीएसटीवर एके-४७ घेऊन आलेल्यांसमोर पोलिसांच्या हाती ही रायफल होती, प्रत्येक गोळीमागे बोल्ट ओढायची. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२०च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात निरोप दिला. शंभर वर्षांहून अधिक चाललेल्या हत्याराचं साल ठरवताना हाच पेच पडतो. ती बनली एका साली, दुरुस्त झाली दहा वेळा.

या पेचाकडे संग्राहक मंडळी एका नजरेने बघतात आणि मी आता दुसऱ्या. संग्राहकाला सगळे भाग एका सालाचे, एका कारखान्याचे आणि एकाच नंबरचे हवे असतात. नंबर नळीवर, बोल्टवर, नेमावर, पुढच्या लाकडावर ठोकलेला असतो. सगळे जुळले की किंमत चढते. म्हणून जुने भाग हुडकून सगळं जुळवलेली रायफल शोकेसमध्ये उभी राहते. पण पलटणीच्या कोतीतली, म्हणजे शस्त्रकोठारातली, रायफल तशी कधीच नव्हती. बट चिरला की आर्मोरर दुसऱ्या मोडक्या रायफलीचा बट काढून लावतो, बोल्ट बदलला की त्यावर नवा नंबर ठोकतो, जुना फुलीने खोडतो. दस्त्याच्या लांबीसुद्धा माणसागणिक वेगळ्या, लांब हाताच्याला लांब, ठेंगण्याला आखूड. माणूस बदलला की बट बदलतो. ऑस्ट्रेलियात लिथगोला बनलेल्या रायफलींचं लाकूड तिथल्या झाडांचं, रंगाने निराळं. महायुद्धात या रायफली एका सैन्यातून दुसऱ्याकडे गेल्या की एकाच अंगावर दोन देशांची लाकडं दिसायची. १९४७नंतर इछापूरच्या नव्या रायफलींवर मुकुट आणि जी.आर.आय.च्या जागी अशोकाचे सिंह आले, पण जुन्या रायफलींवरचा राजा कुणी खरवडत बसलं नाही. १९६२ला सरहद्दीवर गेलेला शिपाई पंचम किंवा सहाव्या जॉर्जच्या शिक्क्याची रायफल घेऊन गेला असेल, तर ती चूक नाही. उलट सगळ्या बाराजणांच्या रायफली एकसारख्या, एका दमात बनवलेल्या दिसल्या, तर ती चूक.

हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते बाभळीचा दस्ता काढून टाकायच्या बेतात होते. रंग जुळेना, सागाला तेल लागलं की ते मधाळ होतं, बाभूळ तांबूस काळपट. तीन वेळा तेल पाजूनही ती वेगळीच दिसत होती. "पोरगं रडंल," मामा म्हणाले, "माझीच येगळी म्हणून."

मेजरांनी ती बारावी हातात घेतली. वाकून बट पाहिला, बोटाने बाभळीच्या गाठीवरून फिरवलं. मग म्हणाले, "हीच खरी. हिचा बट बदललाय." आणि मामांना पांढरा रंग आणि बारीक ब्रश मागितला. पलटणीत प्रत्येक हत्याराच्या बटावर नंबर रंगवलेला असतो, कोतीतून घेताना आणि ठेवताना तोच बोलायचा असतो. रायफल कुणाची, ते नावाने नाही, बट नंबराने ठरतं. अकरांवर त्यांनी एकापासून अकरापर्यंत आकडे काढले, हात थरथरत होता तरी सरळ. बारावीवर मी म्हटलं, "बारा."

"न्हाई," मेजर म्हणाले, आणि काही न विचारता, काही न आठवता, सत्तेचाळीस लिहिलं.